न वापरलेलं

गंजगोलाईच्या मागं, पाइपांच्या दुकानावर आमचं ऑफिस.
शुक्रवारी संध्याकाळी लिंटर फिरवला.
एकशे बारा दुरुस्त्या, म्हणाला, आपोआप.
मी डबा पिशवीत टाकला, जिन्यात पोचले
तर वरून सोपानची हाक:
‘काय करूलालीस गं? एक्केचाळीस चाचण्या लाल!’

पहिलीच ओळ: बब्रुवान सापडत नाही.

बब्रुवान मीच घडवलेला.
तूर अडतीस पोती, गाव भादा,
मोबाइलचा एक आकडा कमी,
ओळीच्या शेवटी नाव,
आणि नावामागं एक मोकळी जागा.

ती जागा चूक नव्हती.
काट्यावरचा इस्माईल नाव टाकून झालं
की अंगठा एकदा टेकवतोच स्पेसवर,
बोलणं संपल्यावर कुणी ‘बरं का’ म्हणावं तसा.
तेवढ्यापायी मागच्या हंगामात
एका माणसाची दोन खाती झाली,
आणि आडत्यानं आमच्या साहेबांना
भर बाजारात, चहासुद्धा न विचारता, उभं धरलं.
म्हणून बब्रुवान.

लिंटरला फाइलीच्या वरच्या टोकाला
त्याचं नुसतं नाव दिसलं.
खाली कुठं हाक नाही. न वापरलेलं. काढलं.
हाक असते.
चाचणी सुरू झाल्यावर असते.

वहिनी पुण्याहून आल्या होत्या तेव्हा
मोरीतला निळा ड्रम घासून पालथा घातला त्यांनी.
शिळं पाणी होतं, म्हणाल्या, चांगल्या मनानं.
नळ नवव्या दिवशी.
आईनं त्यांना काही म्हटलं नाही.
ती कळशी घेऊन शेजारी गेली.

काढलेली ओळ परत लावली.
सगळं हिरवं.
सोपान म्हणाला, चल, कुलूप लावू.
मी गाडीला किल्ली लावली आणि थांबले.
बब्रुवान आला होता,
पण मागची जागा घेऊन आला नव्हता.
ओळीच्या शेवटचं मोकळंही झाडून नेलं होतं.
चाचणी पास होत होती,
काहीच न तपासता.

पुन्हा वर गेले. दिवा लावला.
त्या ओळीवर लिहिलं:
इथं एक जागा आहे. दिसत नाही. पुसू नका.
नावाभोवती अवतरणचिन्हं घातली
आणि आत, त्याच्या मागं,
अंगठा एकदा टेकवला.