दोन-चार

मोहिनीचा फोन आला रायपूरहून:
बाबा, तिबेटी कॅम्प तर तुमच्या बाजूलेच,
जेडचं कडं पाहा ना एखादं, हिरवं,
पण अस्सल. फसू नोका.

फसू नोका म्हणे, मले.
चाळीस वर्षं काच विकली मी,
नवेगाव ते केशोरी असं मनगट नाही
ज्याचं माप या अंगठ्याला ठाऊक नाही.
डोळे मिटून सांगेन, ही दोन-चार, ही दोन-सहा,
हिचं हाड लहानपणी मोडून वाकडं बसलंय.
दगडाचं मात्र मला पाटा-वरवंट्यापुरतंच कळतं.

मग तिनंच शिकवलं.
गालाला लावा, थंड लागलं पाहिजे
आणि थंडच राहिलं पाहिजे.
नखानं वाजवा, घंटेसारखं वाजेल.
उजेडात धरा, आत ढगासारखे धागे दिसतील,
आणि बारीक भेगेत रंग साचलेला दिसला
तर समजा, रंगवलेली गारगोटी.
मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं,
जिथं उधारी लिहितो.

पौषातली सकाळ. गोठणगावच्या पुढे
धानाचे रिकामे बांध, आणि बांबूवर
पाच रंगांच्या विरलेल्या पताका.
यांगचेनबाई हिवाळाभर नागपुरात स्वेटर विकते,
या वर्षी हात सुजला म्हणून घरीच.
आमच्यापेक्षा चांगली झाडी बोलते:
बसा ना जी कासारभाऊ. मिठाचा चहा पेता का?

फडक्यातून कडं निघालं. गालाला लावलं.
थंड.
पण गालही थंडच होता,
पेला थंड, सायकलचं हँडल थंड,
अंगणातली कोंबडीसुद्धा थंडच निघाली असती.
वाजवलं. डझनात एक तडकलेली बांगडी
दुसऱ्या खोलीतून ओळखणारा माझा कान
दुसऱ्याच्या शाळेत बसवलेल्या पोरासारखा गप्प.
उजेडात धरलं. धागे होते.
किंवा मला हवे होते.

हे दिल्लीचं, ती आपणहून म्हणाली.
दुकानदार म्हने अस्सल. मी पन तेवढंच सांगतो.
खरं पाहाचं तं हे पाहा.
आणि सुजलेला हात पुढे केला.
आईनं घातलं, बारा वर्षांची होतो मी,
तवापासून निघालं नाही.
दिल्लीचं याच मापाचं घेतलं, जोडी व्हावी म्हून.
आता डाक्टर म्हनते, कापून टाकू.

मी बोट लावलं. कोमट.
मोहिनीच्या हिशेबानं हेच खोटं.

काढता का तुम्ही?
आमचं काम भरायचं, बाई.
काढणारे येतात ते वेगळ्या दिवशी,
आणि ते काढत नाहीत, फोडतात.
असं मनात आलं, बोललो नाही.
साबण मागितला, खोबरेल मागितलं,
अंगठ्याचं हाड तळव्यात दुमडलं
आणि उलट्या दिशेनं, कधी न केलेलं,
तिळातिळानं सरकवत आणलं.
ती छताकडे बघत काहीतरी मोजत होती
तिच्या भाषेत.

निघालं.
तेलकट हातांनी दोन्ही कडी बादलीत बुडवली
आणि वर काढली तेव्हा
दोन हिरवी. दोन थंड. दोन-चारची दोन.

हे तुमचं, मी म्हटलं.
नाही जी, ते.
मग दोघंही बादलीत बघत बसलो,
जणू तिसरं तिथं असणार होतं.
आणि ती हसायला लागली,
हिरड्या दिसेपर्यंत,
चहा सांडेपर्यंत.

एक उचललं तिनं, न बघता, फडक्यात बांधलं.
दुसरं माझ्या हातावर ठेवलं.
पैसे दिल्लीच्या कड्याचे घेतले,
काढणावळ म्हणून वीस रुपये कमी.
तिच्या मनगटावर गोरी गोल पट्टी उरली,
दोन-चार, सुताचा फरक नाही.
तेवढ्याबद्दल मी कुठंही शपथ घेईन.

केशोरी यायच्या आत पुन्हा फोन.
बाबा, पाहिलं का लावून? थंड आहे ना?

आता कसं सांगू, म्हटलं,
खिशात होतं.