पावती नंबर त्रेचाळीस

एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस.
पहिली आषाढातली, शेवटची कार्तिकातली,
आणि नंबर मात्र एकापाठोपाठ एक,
हात धरून रस्ता ओलांडणाऱ्या पोरांसारखे.
म्हणजे अख्ख्या कोल्हापुरात
ह्या प्लंबरला माझ्याशिवाय गिऱ्हाईकच नाही.

छत्तीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली.
केसभर फरक बोटाला कळायचा,
आणि हे कळायला
मला दिवाळी उलटावी लागली.

फ्लॅट कळंब्याला, दुसरा मजला, फंडाच्या पैशातला.
किल्ली संग्राम तोडकरकडे.
"काका, तुम्ही कशाला हेलपाटे घालताय? मी हाय की."
करार अकरा महिन्यांचा, पहिलं भाडं त्याचं,
अनामत तीस हजार, तीही त्याच्याचकडं,
"तिथं सेफ हाय."

फोन केला की सांगायचा,
भाडेकरीण लई खवट हाय ओ,
नळ जरा गळला की बोंब.
तुम्ही भेटू नका, डोक्यावर बसंल.
भेटलो नाही.
मनातल्या मनात तिला एक चेहरा दिला
सदा नाक मुरडलेला,
आणि पावती आली की त्याच्यावर चिडत राहिलो.

काल जुनी पिशवी काढली.
पाना, टेप, अर्ध्या इंचाचे चार वॉशर.
केएमटीत बसताना वाटलं, पाळीलाच निघालोय.

दार उघडलं एका बारक्या मुलीनं.
दिलशाद मुल्लाणी, गडहिंग्लजची,
रक्तपेढीत रात्रपाळीला.
डोळ्यांत अर्धी झोप तशीच.
मी नाव सांगितलं,
तशी दोन पावलं मागं सरली.
"तुम्ही... ओरडणार नाही ना?"

मी?
ओट्यावर मांजर चढलं तरी
शुक् म्हणायला लाजणारा माणूस मी.

मग कळलं, तिच्याकडंही एक मालक होता.
खेकसणारा, तोंडात तंबाखू धरून
"राहायचं तर राहा, नाहीतर चालती हो" म्हणणारा.
तोडकरनं तो इतका सफाईनं घडवला होता
की क्षणभर मलाच त्याची भीती वाटली.
असा जॉब माझ्या हातून
एकदाही उतरला नाही.

मोरीत गुलाबी बादली, काठोकाठ.
वरच्या फरशीवर पेन्सिलीनं तारखा:
१४ जुलै, फोन केला.
२ ऑगस्ट, उद्या माणूस येतो म्हणाले.
३ ऑगस्ट, नाही.
१९ ऑगस्ट, मालक नको म्हणतात.
पुढं नुसत्याच तारखा, शब्द संपलेले.
बाहेरच्या भिंतीला ओल, रंगाचे पापुद्रे,
आणि खिडकीतल्या दोरीला चिमटे लावून
परीक्षेच्या वहीची पानं वाळत घातलेली.

कॉक बंद केला. नळ उघडला.
आटे झिजले नव्हते, नुसता वॉशर.
बारा रुपयांचा.
वीस मिनिटं, त्यातली पाच गुडघे मोडायला.

बारा रुपये आणि पाच महिने.
ह्यात तोडकरचा वाटा किती,
न भेटलेल्या माझा किती,
हे मोजायचं हत्यार पिशवीत नव्हतं.
मी पिशवी दोनदा बघितली.

"तारखा पुसू काय?" तिनं विचारलं.
म्हटलं, राहू दे, मलाच उतरवून घ्यायच्यात.
तिनं चहा टाकला, आल्याचा, जरा जास्तच गोड.
नळ गप्प होता. इतका गप्प
की दोघांनाही मधूनमधून तिकडं बघावं लागत होतं.

तेवढ्यात फोन.
"काका, त्या बाईची परत कटकट.
प्लंबर पाठवू काय? साडेतीनशे होतील."

मी बादली पालथी घातली,
तिच्यावर बसलो.
"पाठव की," म्हटलं, "लगेच पाठव."

दिलशादनं तिसरा कप विसळून ठेवला.
बसलोय दोघं वाट बघत
चव्वेचाळीसची.