विरजण

त्रेसष्टच्या हिवाळ्यात लीड्स मार्चपर्यंत गोठलेलं.
मी खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राच्या सुरळ्या कोंबत होते
आणि डॉक्टर टीडेमान काचेच्या कांडीनं
फ्लास्कचा तळ आतून खरवडत होते.
किर्र. थांबून, कान देऊन, पुन्हा किर्र.
आत एक पिवळसर तेल,
पाक बिघडला की कढईत उरतं तसं.

"कण लागतो," ते म्हणाले. "एकच.
बाकीचे त्याच्याकडे बघून रांगेत बसतात."
आमच्याकडे त्याला विरजण म्हणतात, मी म्हणाले.
त्यांनी वहीत लिहून घेतलं,
रोमन अक्षरांत, साफ चुकीचं.

एकतीस साली ब्रेस्लाऊत हे तेल एकदा बसलं होतं.
रानझुडपाच्या सालीतला कडू अर्क,
रात्रीतून रवाळ, कणीदार, पांढरा.
चिमूटभर कुपी सहाध्यायी फोल्कमारच्या कपाटात राहिली.
दोन वर्षांनी दारावरची टीडेमान नावाची पाटी उतरली:
चार स्क्रू, एक आदेश,
आदेशाखाली फोल्कमारची सही, वळणदार.
शहराचं नावसुद्धा पुढे बदललं.
तेलाचं नाव बदलायला ते अजून धजावत नव्हते.

इथे आधी प्रयोगशाळेत मदतनीस, साठ विद्यार्थ्यांच्या बाटल्या विसळायला.
मग चाळीस साली शत्रूदेशाचा माणूस म्हणून
आइल ऑफ मॅनवर, तारांच्या कुंपणात.
तिथे खडू नव्हता.
भिंतीचा गिलावा खरवडून त्यानं ते
एका शिंप्याला आणि दोन वेटरांना
बेंझिनचं षटकोन शिकवत.
"शिंपी हुशार होता, त्याला कोपरे कळायचे."

परत आले, लेक्चरर झाले, रीडर झाले.
प्रोफेसर नाही. कमिटी म्हणाली, निबंध थोडे आहेत.
निबंध कुठून? तेलाला द्रवणांक नसतो,
आणि द्रवणांक लिहिल्याशिवाय
ते एक ओळही छापायला देत नसत.

त्याच मार्चमध्ये टपाल मीच वर आणलं.
पूर्व जर्मनीचं तिकीट, हाल्लेचा शिक्का.
मागे पाठवणाऱ्याचं नाव, तेच वळण.
त्यांनी पाकीट कानाशी धरून हलवलं.
मलाही ऐकू आलं:
डब्याच्या तळाशी उरलेला रवा.

माझ्या हातात चिमटा तयार होता.
"आज हवा दमट आहे," ते म्हणाले
(खिडकीबाहेर नळ फुटून त्याचा बर्फाचा खांब झालेला),
पाकीट खालच्या खणात ठेवलं,
कांडी पुसली
आणि पुन्हा किर्र.

अडुसष्ट साली अमेरिकेतल्या तीन पोरांनी
एका दुपारी, एका यंत्रावर,
त्याची सगळी रचना उलगडली.
त्यांना कण लागलाच नाही.
अंक आला तेव्हा ते उभ्यानंच वाचत होते,
मग बसले, मग चष्मा शोधू लागले जो डोळ्यांवरच होता.
"एकच बंध चुकला माझा! एकच!"
हे त्यांनी कॉरिडॉरभर सांगितलं,
फरशी पुसणाऱ्या मिसेस ओल्डरॉइडलासुद्धा.
ती म्हणाली, "बरं झालं हो. पाय उचला."

ते गेल्यावर खण मी रिकामा केला.
शिसपेन्सिलींचे बुटके, एक बंद पडलेलं घड्याळ,
माझा चुकीचा शब्द लिहिलेली वही
आणि ते पाकीट, न उघडलेलं,
कडा मात्र हाताळून मऊ झालेल्या.

तेलाची बाटली माझ्या स्वयंपाकघरात आहे,
मधाच्या शेजारी.
मध दर डिसेंबरात साखरतो,
मी गरम पाण्यात धरून त्याला परत आणते.
ही आहे तशीच.
पाकीट कुठे ठेवलंय ते मला पक्कं माहीत आहे.
परवा हवा कोरडी होती.
मी दोन्ही टेबलावर ठेवली, समोरासमोर,
आणि कुकरची शिट्टी झाली तशी उठले.