निळा ब्लॉक

सुरू झालं, पण धड नाही.
अकरा महिने सुटं पडलेलं इंजिन
शनिवारी दुपारी पहिल्यांदा बोललं
आणि बोबडंच बोललं.
तीन ठोके नीट, चौथा गिळलेला,
मग अख्खा ट्रक शहारायचा,
आरसा थरथरायचा, मागून काजळ.

सत्त्याऐंशी सालचा फोर्ड, सहा सिलिंडर एका ओळीत.
पिस्टन माझ्या हाताने बसवलेले,
रिंगांमधली फट केसाएवढी, तीही मोजून.
वडील म्हणाले, टायमिंग. एखादा दात चुकला असेल.
उघडलं. चुकला नव्हता.

मग त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटले.
चाळीस वर्षं लाकूडगिरणीत, करवतीशेजारी झिजलेले कान.
एके काळी घरात कॉफी पिता पिता
रस्त्यावरच्या ट्रकचा कुठला व्हॉल्व्ह वाजतोय ते सांगायचे.
बराच वेळ तसेच उभे राहिले.
"आता बरं वाटतंय," म्हणाले.
इंजिन नुकतंच बंद पडलं होतं.

मी काही बोलले नाही.
हँकॉकला जाऊन सेन्सर आणले.
पाण्याचं तापमान सांगणारा, हवेचा दाब सांगणारा,
पुढच्या आठवड्यात थ्रॉटलचा.
दुकानातला ऑरिन दर वेळी म्हणायचा,
"आर्विडला विचार की, तो नुसतं ऐकून सांगेल."
दर वेळी मी पाकीट काढलं.

नवे बसवले. नव्यांचंही जुनंच पालुपद.
पाणी उकळायला आलेलं, होजला हात लावला तर चटका,
आणि आतून निरोप काय,
तर फार थंडी आहे इथे, अजून पेट्रोल सोडा.
कॉम्प्युटर भाबडा. सोडत राहिला.
प्लग काढले तर सहाच्या सहा
चुलीतून काढल्यासारखे.

एक साक्षीदार खोटा निघाला तर समजू शकते.
सगळेच एका सुरात खोटं बोलायला लागले
की ते उभे कुठे आहेत, ते बघावं.

हे सुचायला मला मंगळवारची रात्र लागली.
सरोवरावरून आलेला बर्फ शेडच्या पत्र्यावर घासत होता.
मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला,
लाल पिन ब्लॉकच्या एका बोल्टला.
शून्याच्या आसपास यायला हवं.
एक पॉइंट चार.

इंजिन आणि बॅटरी यांच्यामध्ये
तांब्याची एक विणलेली पट्टी असते. अर्थ.
ती जागच्या जागी होती. मीच आवळलेली,
मीच रंगवलेल्या ब्लॉकवर.
तीन हात निळ्या रंगाचे,
मार्चमध्ये, हीटरला पाठ लावून.
"बॉनेटखाली कोण बघायला येतंय?" वडील म्हणालेसुद्धा.
मी पट्टीखालची जागाही सोडली नव्हती,
लोखंड कुठे कणभर दिसू दिलं नव्हतं.
इतकं सगळं जोडून
अर्थ तेवढा लागला नव्हता.

कानस घेतली.
बाटलीच्या झाकणाएवढं लोखंड उघडं केलं,
भुरकट, जुनं, माझ्याहून थोरलं.
पट्टी पुन्हा आवळली. चावी फिरवली.

शेडचा दिवा दोनदा उघडझाप केला,
हल्ली आमची हाक तीच.
वडील आले, रात्रीच्या पायजम्यावर कोट,
बुटांच्या नाड्या लोंबत्या.
स्क्रूड्रायव्हरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.
तळहात फेंडरवर ठेवला, आजाऱ्याच्या पोटावर ठेवावा तसा.
मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.
"पाचवा," ते म्हणाले, "मधूनच अडखळतोय."

मला तर ऐकू आलं नव्हतं.
वाकले, श्वास धरला, मनात मोजत गेले.
तीस, चाळीस, आणि तिथे कुठेतरी
एक बारीकशी ठेच.

"उद्या," मी त्यांच्या समोर जाऊन म्हणाले,
ओठ दिसतील असं.
कानशीच्या दातांत निळा भुगा अडकला होता.
तो झाडायचा राहिला.