तारीख मोकळी

बसस्टँडसमोर माझं फ्लेक्सचं दुकान.
पारोळ्यात कोण जन्मलं, कोण निवडून आलं, कोण गेलं
हे मला गावाच्या आधी कळतं,
कारण जोडाक्षरं मी तपासतो.

भूपेश चैत्रात आला. बाहेर चव्वेचाळीस,
आत मशीन तापून शाई सोडत होतं.
"दादा, एक श्रद्धांजली करनी शे."
मी नेहमीचा चेहरा केला. कोण गेलं?
तो हसला. "कोनी नई. लोक्यानी मस्करी शे."

फोटो त्यानेच आणला होता, कापून:
लोकेश बडगुजर, दोन गाळे सोडून
मोबाईलला काच बसवायचा, माझ्याही त्यानेच बसवलेली.
खांद्यावर कुणाचा तरी हात राहून गेला होता,
घड्याळ, तांब्याची अंगठी.
तो मी पुसला.
शर्टाच्या चौकटी जुळवायला वेळ गेला, खरे पैसे त्याचेच.
झेंडूचा हार माझ्याकडे तयार असतो,
समई तयार असते, 'भावपूर्ण' तयार असतं.
तारीख काय टाकू?
"मोकळी ठेव, दादा. मंग दखसूत."
पन्नास रुपये. त्याने सुट्टे दिले.

संध्याकाळी ती ज्याच्या त्याच्या स्टेटसला.
खाली हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारी
पिवळी तोंडं.
लोकेशने स्वतःच लिहिलं,
तेराव्याला शेवभाजी करा रे, तिखट.
मीही एक तोंड ठेवलं.
कोपऱ्यात माझा नंबर होता, जाहिरात होते.

दुसऱ्या दिवशी भूपेशने नुसता आकडा ठेवला: ९.
मग ८.
आम्हाला वाटलं, वाढदिवस.
काम माझ्याकडेच येणार म्हणून
सिंह आणि सोनेरी अक्षरं काढून ठेवली मी.
५ च्या दिवशी कोयत्याने टरबूज चिरतानाचा व्हिडिओ.
त्यावर आगीच्या खुणाच खुणा.
कुणी विचारलं, धार कुठे लावली?
त्याने पत्ता दिला.

३ ला त्याची आई आली, पिशवीत मेथी.
"भाऊ, पोऱ्या रोज आकडा टाकस. काय मोजस?"
साऱ्या गावात तिनेच विचारलं.
मी म्हटलं, ताई, पोरांचं असतं काहीतरी.
ती बरं म्हणाली.
मला मोबाईलमधलं जास्त कळतं, असा तिचा समज.

१ नंतर शून्य येईल म्हणून बघत बसलो रात्री.
मोबाईलवर आलं नाही ते.

किल्ल्याच्या खंदकापाशी पहाटे गर्दी.
आता सगळे म्हणतात, ठाऊक होतं.
तीन टपऱ्यांवर तीन कारणं:
उसने पैसे, एक मुलगी, कुठलासा शेरा.
पोलिसांना मी म्हटलं, साहेब, गंमत म्हणून केलं.
त्यांनी लिहून घेतलं, गमत.
अनुस्वार राहिला. मी सांगितला नाही.

चौथ्या दिवशी लोकेशचे वडील,
चप्पल बाहेर काढून आत.
माझ्या दुकानात कुणी काढत नाही.
"मना पोऱ्याना फोटो तुनाकडे शे म्हणतस."
नवीन करून देतो, काका.
"नवा कशाले. चांगला शे तो. फक्त तारीख टाक."

फाईल उघडली. हार टवटवीत.
तारीख टाकली. जागा नेमकी पुरली.
थरांच्या यादीत हात अजून होता.
मी कायमचं काही पुसत नाही, गिऱ्हाईक मन बदलतं.
प्रत्येक थराशेजारी बारीक डोळा असतो,
दाबला की दिसतं, दाबला की नाही.

काका, माठातलं पाणी घ्या, म्हटलं.
ते वळले तेवढ्यात दाबून बघितला.
घड्याळ. अंगठी.
हात घट्ट नव्हता धरलेला.
नुसता ठेवलेला,
शेजारी उभं राहताना ठेवतात तसा.