मेल्यानंतरची अकरा मिनिटं

तिसऱ्या अंकात, साडेनवाच्या सुमाराला, मी मरते.
उशी आमच्याच घरची. अभ्रा तेवढा मंडळाचा,
जरीच्या काठाचा, राजवाड्याला शोभेलसा.
भुजगोंडा हात हलका ठेवतो.
दिवसा तो शाहूपुरीत ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो,
कितीही धुतले तरी तळव्यांना ग्रीसचा वास.
त्या तळव्यांनी सात किल्ले घेतले
आणि ते एका कुडीपाशी हरले.

मग अकरा मिनिटं मेलेलं राहायचं.
श्वास पोटातून, वरवर, पदर हलणार नाही इतकाच.
एकदा पापणीवर डास बसला.
पिऊ दिलं त्याला, पोटभर.

मेलेल्या बाईला फार चांगलं ऐकू येतं.
पलीकडं खासबागेत उशिरापर्यंत कुणाचा तरी शड्डू,
वरच्या पंख्याचं एक पातं करकरणारं,
आणि अंधारातून नाकं ओढल्याचे आवाज,
डोळे पुसताना बांगड्या मागं सरकल्याचे.
कुणीतरी म्हणतं, "बिचारा."

बिचारा.
सहा हातांवर तो गुडघे टेकून बसलेला
आणि सगळं थिएटर त्याच्या बाजूनं.
माझं काय, माझं झालं.
मी निष्पाप, आणि निष्पापाला हार घालतात.
रडतात ते चुकलेल्यासाठी.
चुकणं प्रत्येकाच्या ओळखीचं असतं.

वासू हराळेला मात्र जोडे.
दुसऱ्या अंकात तो सरदाराच्या कानाला लागला
की मागच्या रांगेतला एक म्हातारा दर प्रयोगाला उठतो,
"आरं ऐकू नगंस त्येचं! खोटारडं हाय ते!"
मी संहिता घरी बसून नीट वाचलीय.
कुडी चोरतो, हे खरं,
पण त्या प्रवेशात वासूला खोटं असं वाक्यच नाही.
तो नुसतं विचारतो, "बाईसाहेब मघाशी हसल्या का?"
आणि थांबतो.
पुढचं सरदार स्वतःच शिवतो,
एकेक टाका, दात लावून दोरा तोडत.

महाद्वार रोडला एका बाईनं वासूला मेथी दिली नाही.
"तुला न्हाई," म्हणाली, "तिला मारलंस तू."
तो स्टोव्हच्या पिना विकणारा, बायकोला अहो म्हणणारा माणूस.
रिकामी पिशवी घेऊन तालमीला आला
आणि आनंदानं सगळ्यांना सांगत सुटला.

एक गोष्ट मी दिग्दर्शकांना कबूल केलेली नाही.
भुजगोंडा शेवटचं वाक्य बोलतो,
"उठ, आता मला कळलं,"
तेव्हा माझ्याही मिटल्या डोळ्यांतून
पाणी घरंगळत कानात उतरतं.
मला मारलंय त्यानं. उशी अजून तोंडाशेजारी आहे.
तरी रडते, थिएटराबरोबर, थिएटरासारखी.
याचा राग मला अजून नीट धरता आलेला नाही.

काल माझा नवरा तिसऱ्या रांगेत होता.
रंकाळ्यावरून येताना स्कूटर सावकाश चालवत राहिला.
"भुजगोंडानं काय काम केलं," म्हणाला,
"गळा दाटला माझा."
मग थोड्या अंतरानं, वारा तोंडावर घेत,
"हात जरा जास्त वेळ धरतो नाही तो, पहिल्या अंकात?"
मी म्हटलं, "दिग्दर्शकांनी तसं सांगितलंय."
तो "हं" म्हणाला.

दारातल्या दिव्याखाली मी कुलूप उघडत होते.
"दुसरी कुडी कुठाय?"

कुडी वासूच्या अंगरख्याच्या खिशात आहे.
नाटकात तो ती उचलतो आणि काल परत द्यायची विसरला.
उद्या वर्तमानपत्राच्या कपट्यात बांधून आणेल,
चार वेळा माफी मागेल.
सांगायला एक वाक्य पुरतं.
मी तोंड उघडलं, आणि माझ्याच आवाजात आलं ते
तिसऱ्या अंकातलं, त्याच पट्टीत, त्याच कंपासकट,
"इथंच कुठं पडली असेल, सरदार."

तो हसला.
हसता हसता माझ्या कानाकडं बघत राहिला.
गल्लीत बघायला कुणी नव्हतं.
मागच्या रांगेतला तो म्हातारा
एव्हाना शिवाजी पेठेत आपल्या घरी
झोपला असेल.