मागचे पाय

बासारा आत्ता निवळ पिऊन पडलाय,
म्हणून आत्ताच शीक, लुखुम.
पेटल्यावर कोणी शिकत नाही.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणणाऱ्यांनी
तुशेतीच्या डोंगरातली कुत्री पाहिलेली नसावीत.
हे बघ, माझं बोट पेरभर कमी आहे.
यानं मुद्दाम नाही घेतलं.
कान तर नसतातच आपल्या कुत्र्यांना, पिल्लपणीच कापतो,
तेव्हा हा तेतराचा गळा शोधत होता
आणि गळपट्ट्यापाशी मी सापडले.

गळपट्टा विसर.
ओरडूही नकोस,
ते ओरडणं त्यांना आपल्या बाजूचं वाटतं,
दोघांनाही.

आधी बघ, कोणाचे दात कुठे आहेत.
रुतलेला दात ओढलास तर कातडं येतं हातात.
थांबायचं.
पकड बदलायला तोंड उघडतं,
पापणी लवायला लागेल तेवढंच.
ओला नाबादी जवळ असेल तर टाक दोघांच्या डोक्यांवर,
झगा नंतर वाळतो.
मग मागे जा, मांड्यांच्या वर धर, इथे,
पंजे नाही, इथे,
आणि उचल.
बघ कसा बघतोय तुझ्याकडे!
पाटलासारखा. कोणी धोतर ओढल्यासारखा.
आता मागे चाल, हातगाडी उलटी ओढतात तसा,
पण सरळ नाही, वळसा घेत,
म्हणजे पुढच्या दोन पायांवर तोल सांभाळताना
तुला चावायची त्याला सवड होत नाही.

आबानोची खिंड लवकर बंद झाली त्या वर्षी
मी एकटी होते, गेला पिठासाठी अल्वानीला उतरलेला,
मेलेल्या मेंढीवरून लागलं.
दोराचा फास याच्या कमरेत टाकला,
दोर खांबाला आवळला,
मग दुसऱ्याला मागून ओढत बर्फात नेलं.
रडतही होते,
हात चालूच होते.
सकाळी केस भिजवून भिजवून जखमा शोधल्या,
वरून टाचणीएवढ्या, आत बोट जाईल एवढ्या.

तुझा बाप आणि थोरले काका
गवताच्या पट्ट्यावरून भिडले तेव्हा मी
मधे उभी राहिले, हात पसरून.
अगदी गळपट्ट्यापाशीच.
काय करणार, माणसाला
मागून उचलण्यासारखं काही नसतं.
सात वर्षं झाली.

शनिवारी काकांचा कळप वरच्या कुरणातून उतरेल,
तेतरा पुढे असेल, म्हातारा झालाय, पण असेल.
तू याचे पाय धरशील.
त्याचे तिकडच्यानंच धरायला हवेत,
तो दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देत नाही.
बोलायचं नाही काही. नमस्कारही राहू दे.
फक्त दोघांनी एकदम उचलायचं,
एकानं आधी सोडलं
तर दुसऱ्याचा कुत्रा मरतो.
ते काकांना माहीत आहे.
त्यांनीच मला शिकवलं.

किती वेळ धरायचं? तो तिकडे बघायचा थांबेपर्यंत.
मग कुंपणापलीकडे, नजरेआड, बांधायचं.
हात नंतर थरथरतील, ते खिशात घाल.

सोड आता.
उरलेली निवळ ओत त्याला,
चारचौघात अपमान झालाय बिचाऱ्याचा.